मोजायचा फासा

"तुम्ही माझ्या खडूवर बसलाय," रोझलिन म्हणाली.

तरुण दचकून उठला. हातातल्या वाडग्यातलं दूध हिंदकळलं. "माफ करा... पण एक खडू तुमच्या केसांत आहे की."

होताच. तिने तो काढला नाही. एवढ्या गडबडीतच त्याने आपलं नाव सांगितलं, डेस्मंड... आणि त्याच्या बाहीवर निळा रंग लागलाय, हेही तिला दिसलं.

बरबँकमधल्या या खेळांच्या दुकानात शनिवारी सकाळी दहाला पडदा लागे. घरच्याच कपड्यांत, दूध-सिरियलचे वाडगे घेऊन मंडळी जमिनीवर बसत आणि 'दीपगृह नंबर नऊ' ही रहस्याची कार्टून मालिका बघत. चोर कोण, हे बाकीचे शोधत. दुकान सांभाळणारी रोझलिन मात्र चित्रातले मागचे कोपरे शोधायची. तिथे कुणीतरी गमती लपवलेल्या असत. कधी जुन्या राक्षसपटाचं पोस्टर, कधी पिझ्झाच्या खोक्यावर भुयाराचा नकाशा. सापडलं की ती फळ्यावर लिहायची. या चित्रकाराला एकदा तरी भेटायचं, हे तिने वर्षभर मनात धरलं होतं.

आजच्या भागात जहाजाची घंटा चोरीला गेली होती आणि कप्तानाच्या घरी सगळे खेळायला बसले होते. कप्तानाने वीस बाजूंचा फासा फेकला. फासा मोठा होऊन पडद्यावर आला.

रोझलिन खदखदून हसली. उठून तिने फळ्यावर लिहिलं — 'या चित्रकाराने जन्मात फासा धरलेला नाही.'

सगळे हसले. डेस्मंडचे कान लाल झाले.

"चुकलं काय त्यात?" त्याने विचारलं.

तिने गल्ल्यापासच्या बरणीतले दोन फासे त्याच्या तळहातावर ठेवले. बोटं लागली... दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

"हा खेळायचा. लहानमोठे आकडे विखुरलेले. आणि हा बघ, वीस, एकोणीस, अठरा, सगळे एकाच बाजूला. हा मोजायचा. खेळात कुणाचा जीव किती उरला ते दाखवायला नुसता ठेवायचा. फेकायचा नसतो. सरावलेला हात हवा तेवढा मोठा आकडा पाडतो."

"म्हणजे कप्तान लबाड?"

"कप्तान नाही रे. चित्रकार अडाणी."

"अडाणीच आहे," तो हळूच म्हणाला. "चित्र काढायला फासा इथूनच नेला होता मी. त्या बरणीतून. तू फोनवर होतीस, कोणता घ्यायचा ते विचारायचा धीर झाला नाही."

वर्षभर ज्याची वाट पाहिली, त्याचीच रोझलिनने चारचौघांत टर उडवली होती. आता हा उठून गेला तर? तिने घाईने डस्टर उचललं.

त्याने ते अलगद धरलं. "राहू दे. खरंच आहे ते. पण एक गंमत तुझ्या फळ्यावर कधीच आली नाही."

त्याने चित्र थांबवलं. कप्तानाच्या खिडकीबाहेर एक दुकान होतं, दुकानात स्टुलावर एक मुलगी. तिच्या केसांत पांढरा खडू.

"मागच्या भागात आहे," तो म्हणाला. "त्याच्या मागच्यातही. सगळ्या भागांत."

रोझलिनचा हात केसांकडे गेला. तिला सगळं सापडलं होतं — तेवढंच सोडून.

"समोर पॅनकेक चांगले मिळतात," तो म्हणाला. "येशील...?"

"फासा ठरवेल. दहाच्या वर पडला तर."

त्याने खेळायचा फासा पुढे केला. तिने त्याच्या तळहातावरचा दुसरा उचलला.

"अगं, तो मोजायचा. तो फेकायचा नसतो ना?"

"नसतो," रोझलिन म्हणाली, आणि सरावलेल्या हाताने तिने तो फेकला.