लांब शेपटीचा पिंजरा

"उंदीर पकडायचा आहे, पण मारायचा नाही," मी म्हणाले, आणि अकोल्याच्या त्या पत्रेवाल्यांच्या गल्लीतली ठोकाठोक एकदम थांबली.

दुकानातल्या पोरानं हातोडी खाली ठेवली. डोळे असे… जाऊ द्या, डोळ्यांचं मग सांगते.

"पकडून काय करता मंग, मॅडम? पाहुणचार?"

"सोडून देते."

"घ्या! सोडाचाच हाय तं पकडता कायले?"

मी आधीच तापलेली. अमरावतीहून बसमध्ये उभ्यानं आले होते. एका दमात सगळं सांगून टाकलं. चिखलदऱ्याच्या एका खडकाळ उतारावर डोंगरी उंदीर राहतो – लालसर पाठ, अंगापेक्षा लांब शेपूट. मी त्याच्यावर अभ्यास करते. बाकीच्या उतारांवरचं गवत गेलं, खडक फुटले, तिथून तो संपला. आता हाही उतार हॉटेलसाठी सोमवारी सपाट होणार. वनखात्याचे किसनराव साहेब म्हणाले, "जिवंत जनावर दाखवा, काम थांबवतो. नुसत्या लेंड्या आणि फोटो पाहून मशीन थांबत नाही."

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी येतो. पिंजरे लावून देतो."

"काही गरज नाही."

"मलेच हाय. औंदा पिकलंच नाई, तं धान्याच्या कोठ्या कोन घेते? माश्या मारून राहिलो इथं." आणि हसला. "हसनैन म्हनतात मले."

"हीना," मी म्हणाले. उगाच. त्यानं विचारलं कुठं होतं!

चिखलदऱ्यात मी माझी मैत्रीण तुबा हिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, उतरले, हसनैन मशिदीत. शनिवारी संध्याकाळी आम्ही पिंजरे लावले. रविवारी सकाळी एका पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं. आत कोणी नाही… आणि दाराच्या फटीत शेपटीचा तुकडा. रक्त अजून ओलं होतं.

"हे काय केलं तुमी?" मी किंचाळलेच.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "घरचा उंदीर निसटू नये म्हनून आमी दाराची कड धारेचीच ठेवतो. पिंजराही तेवढाच, वीतभर. एवढ्या शेपटीचा… इचारच नाई केला."

"जा अकोल्याले. आत्ताच्या आत्ता."

तो गेला नाही. खालाच्या अंगणात बसून दोन-दोन पिंजरे कापून त्यांचा एकेक लांब पिंजरा जोडला, दाराच्या कडेला सायकलची ट्यूब गुंडाळली. दुपारी पाणी द्यायला गेले, तर अंगठ्यातून रक्त गळत होतं आणि पठ्ठ्या काम करतोच आहे! मी हळद आणून दाबून धरली.

"राग उतरला?"

"नाही."

"मंग हात काहून नाई सोडून राहिल्या?"

मी झटकन सोडला. तर म्हणतो, "आता दुखून राहिलं." आणि ते डोळे… हां, तपकिरी आहेत. हसायच्या आधी थोडे बारीक होतात.

संध्याकाळी ते नवे पिंजरे उतारावर लावले. सोमवारी सकाळी आम्ही पोचलो, तर जेसीबी उभं. साहेबांचा पत्ता नाही. पहिला पिंजरा रिकामा. दुसरा, तिसरा रिकामा. शेवटच्या पिंजऱ्यात मात्र उंदरीण होती! अख्खी, शेपटीसकट. मी आनंदानं वाकले, आणि पोट पाहिलं. आचळं दुधानं भरलेली.

ऊन चढत होतं. हसनैननं ओला टॉवेल पिंजऱ्यावर टाकला, स्वतः सावली धरून उभा राहिला. तरी ती धापा टाकू लागली.

"हिची पिल्लं खडकात आहेत. ही मेली तर तीही जातील."

"पन सोडलं तं पुरावा गेला."

"माहीत आहे मले!" मी रडतच होते. त्यात लाज कसली!

"हीना…" तो हळूच म्हणाला, "तू म्हनशीन तसं."

मी दार उचललं. ती एका फटीत गुडुप झाली.

आणि तेव्हाच साहेबांची जीप आली. "कुठंय?"

"सोडलं."

"मग मी काय पाहू?" त्यांनी कपाळावर हात मारला आणि जेसीबीच्या ड्रायव्हरला खूण केली. "देवमन, चालू कर."

मशीन गुरगुरत पुढे सरकलं. खडक थरथरला. हसनैन धावत जाऊन थेट मशीनपुढे उभा राहिला. साहेब ओरडत होते, देवमन हॉर्न वाजवत होता…

एवढ्यात ती फटीतून बाहेर आली. तोंडात पिल्लू! जमीन हलली म्हणून पिल्लं हलवत होती. भर उन्हात, उघड्या खडकावरून, सगळ्यांच्या देखत वरच्या कपारीत गेली. परत आली. दुसरं पिल्लू.

देवमननं आपणहून इंजिन बंद केलं. साहेब कितीतरी वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "काम बंद. पंचनामा करून घेतो."

मी मात्र हसनैनवर धावून गेले. "अक्कल आहे का? मेला असता म्हणजे?"

"उतार वाचला ना तुहा?"

"चुलीत गेला उतार! ते मशीन तुह्या अंगावर आलं तेव्हा मले काहीच दिसत नव्हतं… तूच दिसत होता."

त्याचे कान लालेलाल. मग चाचरत म्हणाला, "हीना, तू मले… म्हंजे मी…"

"हो. मलेही. तुह्या अम्मीले आमच्या घरी पाठव."

"रिश्ता घेऊन?"

"मग काय, लोणचं घेऊन?"