प्रेमानंद प्लंबरची चौकशी

दार उघडलं, तर समोर एक उंच मुलगा. केस ओले, शर्टाचा खांदा ओला... आणि बाहेर मे महिन्याचं नागपूर, जिथे संध्याकाळीसुद्धा तारेवरचे कपडे हाताला चटका देतात.

"पोहून आलात?" मी विचारलं.

"नाही, घरीच बसून होतो," तो म्हणाला. "तुमचं बाथरूम माझ्या डोक्यावर आहे."

अशी आमची ओळख झाली. तो केयूर, खालच्या मजल्यावरचा. बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत कापडातले दोष शोधायची त्याची नोकरी. मी भैरवी, या फ्लॅटमध्ये नवीनच राहायला आलेली. माझ्या फरशीखालून पाणी झिरपत होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. अशा गोष्टी नेहमी खालच्यालाच दिसतात.

पहिल्या प्लंबरने फरशी फोडली, "सामान घेऊन येतो" म्हणून गेला आणि फोन बंद केला. दुसऱ्याने भरपूर सिमेंट थापलं, तर गळती सरकून थेट केयूरच्या पलंगावर आली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. मी ठरवलं, आता ज्याने काम केलेली घरं मी स्वतः जाऊन पाहीन, घरच्यांना विचारीन, त्यालाच दारात उभं करायचं.

"मीही येतो," केयूर म्हणाला. "छत माझं आहे."

"आणि गाडी?"

"गाडी तुमची."

मला मुळातच चौकशांची खोड. कोथिंबीर घेताना मी भाजीवाल्याचं गावही विचारते. त्यामुळे ऊन उतरलं की निघायचं, स्कूटरवर मागे केयूर आपले लांब पाय कसेबसे सांभाळत बसलेला, आणि परत येताना उसाचा रस... हे मला भलतंच आवडू लागलं.

एकदा महाल भागात यमुताईंकडे गेलो. त्यांच्याकडे एका प्लंबरने नवे नळ बसवले होते.

"काकू, माणूस कसा आहे? व्यसन-बिसन? शब्दाचा पक्का आहे न?"

यमुताईंनी आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "पोरगी कोनाची हाय?"

"कोणती पोरगी?"

"जिच्यासाठी स्थळ पाहून राहिले तुमी. पन त्याचं त लगन झालं नं बाई, दोन लेकरं हायेत."

"काकू, आम्हाला लग्न नाही जुळवायचं, पाइप जोडायचाय," मी म्हटलं. यमुताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "अन् तुमी दोघं एकमेकाइचे कोन होय?"

केयूरने माझ्याकडे पाहिलं. मी नळाकडे पाहिलं.

"मी यांच्या खाली राहतो," तो म्हणाला.

 मला तो आवडायला लागला होता आणि एकच भीती होती... चांगला प्लंबर मिळाला की हे फिरणं संपणार. केयूर तर प्रत्येकात खोट काढत होता. एक फार बोलतो, दुसऱ्याच्या गाडीला आरसा नाही म्हणजे माणूस बेफिकीर. मी हसून मान डोलवायची.

मग प्रेमानंदचं नाव आलं. त्याचं एक काम मी पाहिलं, छान होतं. दुसरं घर कळमन्याला, इंदुताईंचं. मी ऑफिसात अडकले, म्हणून केयूर एकटाच गेला.

"नको," परत आल्यावर तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "काम अर्धं टाकून जातो म्हणे."

मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, की प्रेमानंदला कुणी बोलावू नका. आमचे सेक्रेटरी चंपतराव त्याला पाण्याच्या मोटारीचं काम देणार होते. त्यांनी ते रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी चंपतरावांकडून माझा नंबर घेऊन प्रेमानंदचाच फोन आला.

"ताई, तुमच्या बिल्डिंगचं काम गेलं माहं. कोनाचं काम म्या अर्धं सोडलं, तेवढं सांगा. आत्ता जातो अन् पूर्न करून देतो."

आवाजात राग नव्हता, तेच मला लागलं. मी गाडी कळमन्याकडे वळवली.

"अर्धं?" इंदुताई म्हणाल्या. "अवं, सुट्टीच्या दिवशी येऊन टाकी लावून देली त्यानं. त्या उंच पोरालेबी हेच सांगतलं. ऐकून त्याचं तोंडच उतरलं वं. म्या म्हटलं, बापा, मी त चांगलं सांगून राहिली, तुले काहून वाईट वाटून राहिलं?"

परतीच्या रस्त्यावर मला गुदगुल्याही होत होत्या आणि संतापही येत होता. तशीच त्याच्या दारात गेले.

"इंदुताईंना भेटून आले."

त्याचा चेहरा पडला. "मग... कळलंच असेल."

"काय केलंत ते कळलं. काहून केलं, ते ऐकायचंय."

"प्रेमानंद आला असता, तर गळती थांबली असती."

"त्यासाठीच फिरत होतो न आपण?"

"तुम्ही त्यासाठी फिरत होत्या," तो म्हणाला. "मी... मी तर तुमच्यासोबत फिरून राहिलो होतो."

दुसरा कुठला दिवस असता तर मी तिथेच विरघळले असते.

"एका माणसाचं नाव खराब झालंय, केयूर. त्याचं पोट त्या नावावर आहे. आधी ते नीट करा. नाहीतर उद्यापासून आपली ओळख फक्त छतापुरती."

त्याने मुकाट्याने ग्रुपवर लिहिलं, "प्रेमानंदभाऊंचं काम उत्तम आहे. चुकीची माहिती मी दिली होती."

चंपतरावांनी तत्काळ विचारलं, "काल वाईट, आज उत्तम? कारण?"

"कारण लिहू?" केयूरने मला विचारलं. "सगळी बिल्डिंग वाचेल."

"कारणाशिवाय विश्वास कोण ठेवेल?" मी म्हणाले.

तो बराच वेळ टाइप करत राहिला. मग माझ्या हातातला फोन थरथरला.

"सगळ्यांनी प्रेमानंदभाऊंबद्दल चांगलंच सांगितलं होतं. प्लंबर मिळाला की भैरवींसोबत फिरणं संपेल, म्हणून मी खोटं बोललो. त्या मला आवडतात. हे त्यांनाही आत्ताच कळून राहिलं आहे. दोष पूर्ण माझा."

 मग चंपतराव उगवले, "प्रेमानंदला उद्याच बोलावतो." आणि लगेच खाली, "भैरवी मॅडमचं म्हणणं काय?"

केयूरने फोन पालथा ठेवला. "तुम्ही उत्तर दिलंच पाहिजे असं नाही."

माझा राग अजून गेला नव्हता. पण चूक निस्तरायला हा माणूस सगळ्या इमारतीसमोर स्वतःचं हसं करून बसला होता, आणि त्याच्याबद्दल आणखी चौकशी करायची मला गरज वाटेना. मी लिहिलं, "माझी काही हरकत नाही."

तो फोनला हातच लावेना.

"वाच न," मी म्हणाले. अहो-जाहो केव्हा गळून पडलं, माझं मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेमानंद आला. केयूरने हात जोडून माफी मागितली. प्रेमानंदने आधी पाना खाली ठेवला.

"ठीक हाय, दादा. पन उद्या ताईच्या घरचे तुमची चौकशी करत माह्याकडं आले, त मी खरंच सांगीन."

"काय सांगाल?" मी विचारलं.

"पोरगा एक डाव खोटा बोलला," तो म्हणाला, "पन सर्वाइसमोर कबूल झाला."