आपोआप मंजूर

ही गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. माझ्यासोबत घडली आहे, आणि अजून संपलेली नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार, दोन वाजून दहा मिनिटं. जागा, दातांच्या कवळ्या बनवणारी आमची दोन खोल्यांची लॅब.

कवळी गरम पाण्यात शिजायला घातली की दीड तास हाताला काम नसतं. तेवढ्या वेळात मी मोबाइलवर एक गेम खेळायचो. आपण योद्धा व्हायचं, टोळी जमवायची, किल्ले जिंकायचे. गेम फुकट, पण नावापुरताच. लढायला ताकद लागते, आणि पैसेवाले ती विकत घेतात. आपल्यासारख्यांना दिवसाला शंभर मिळते. ती एका लढाईत संपते.

त्यावर आम्हा फुकट्यांची एक युक्ती असते. घरातल्या सगळ्यांच्या नावाने खाती उघडायची आणि त्यांची ताकद आपल्याकडे ओढायची. मी आईचं, बायकोचं, बाबांचं, अगदी माझ्या सहा वर्षांच्या मुलीचं, टिल्लीचंही खातं उघडलं होतं. दर वेळी परवानगी कोण देत बसणार? म्हणून सगळीकडे 'आपोआप मंजूर' चालू करून ठेवलं. घरच्या कुणीही मागितलं की न विचारता द्यायचं.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांचा फोन बंद करून कपाटात ठेवला. खातं कुणी उघडलं नाही तर रोजची ताकद मिळत नाही. बाबांचा आकडा शून्यावर होता.

एका दुपारी सवयीने माझं बोट बाबांच्या नावावर पडलं...

शंभर मिळाले.

मला वाटलं, गेममध्येच काहीतरी गडबड असेल. फुकट ते पौष्टिक म्हणून घेतले. दुसऱ्या दिवशी परत शंभर. तीन आठवडे मी रोज घेत होतो. आमची टोळी पैसेवाल्यांना लोळवायला लागली आणि मी हवेत होतो. आता ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

कारण त्याच तीन आठवड्यांत टिल्ली वाळत चालली होती. तिचं धावणं बंद झालं. जेवली की भिंतीला टेकून नुसती बसायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक आलं.

आमच्या लॅबमधला पॉलिशवालाही हाच गेम खेळतो. त्याला मी हे सांगितलं, तर त्याने सहज विचारलं, गेलेल्या माणसाच्या खात्यात ताकद येते कुठून? मी थट्टेवारी नेलं. पण टोळीचा प्रमुख मीच, आणि प्रमुखाला सगळ्यांची नोंद दिसते, म्हणून बाबांची उघडली...

मी घेतल्याच्या ओळी सोडल्या, तर जमेच्या एकवीस ओळी. सगळ्या सारख्या.

टिल्लीकडून बाबांना, शंभर. दोन वाजून दहा.

शेवटची ओळ एका मिनिटापूर्वीची होती. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"लवकर घरी ये. टिल्ली जिन्यात बसलीय. उठवलं तर उठत नाही, नुसती बघतेय."

मी तसाच घराकडे निघालो. मी बाबांकडून ओढत होतो. बाबांकडे काहीच नव्हतं, म्हणून ते नातीकडून घेत होते. आणि तो रस्ता मीच मोकळा करून ठेवला होता.

टिल्लीचं खातं माझ्याच फोनवर होतं. घरी पोचायच्या आत मी ते पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाबांच्या नावाला हातही लावला नाही.

दुपारी यादी उघडली...

टिल्लीचं नाव परत तिथेच होतं. तिचे शंभर गेलेले होते.

मग मला राहवलं नाही. मी बाबांच्या खात्यावर लिहिलं, "बाबा, तिला सोडा. काय हवं ते माझ्याकडून घ्या."

आमचे बाबा कुणाकडे काही मागणारे नव्हते. बसमध्ये तासभर उभे राहतील, पण जरा सरकता का, असं विचारणार नाहीत.

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या फोनवर मागणी आली...

'बाबांना शंभर हवे आहेत.'

मी दिले. तेव्हापासून रोज देतो. टिल्ली आठवड्याभरात ठणठणीत झाली. आता जिना दोन-दोन पायऱ्या चढते. माझं वजन मात्र अकरा किलोंनी उतरलंय. हात थरथरतो, म्हणून दात बसवायचं बारीक काम दुसऱ्याकडे गेलं. बायको रोज विचारते आणि मी रोज काहीतरी थाप मारतो. बापाला द्यायचं मला दुःख नाही. जन्मभर मी त्यांच्याकडून घेतच आलो.

मला भीती वेगळीच वाटते.

मी दिलेले शंभर बाबांकडे टिकत नाहीत. बाबा तर लढतही नाहीत. मी परवा त्यांची नोंद पुन्हा उघडली. रोज माझी एक ओळ असते, आणि तिच्याखाली लगेच दुसरी...

बाबांकडून शंभर गेले. कुणाला, ती जागा कोरी.

बाबांच्या खात्यातलं 'आपोआप मंजूर' अजून चालू आहे. कपाटातला फोन काढून ते बंद करता येईल. दोनदा मी कपाटापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

बाबांकडून मिळेनासं झालं, तर ते जे काही आहे, ते पुढे कुणाकडे मागेल?