पायाखालचं नाव

डोळे मिटा बरं, मुलांनो.

तुमचा शाळेचा डबा हातात आहे असं समजा. स्टीलचा, चपटा, दोन्ही बाजूंना खटके असलेला. झाकणावरून हळूच बोट फिरवा. बारीक ठिपके लागतात ना? ते तुमचं नाव. भांडीवाल्यानं टोचून घातलेलं. डबा हरवला, तरी सापडेल त्याला कळावं, की हा कुणाचा.

आता समजा, ते नाव कुणी घासून काढलं...

हसू नका. हे घडलेलं आहे. २००६ सालचा मे महिना, शिरूरच्या एसटी स्टँडमागची गल्ली. आणि रात्र नव्हती बरं का. टळटळीत दुपार होती.

त्या गल्लीत अयुबमामूंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पण मामूंचा जीव दुसऱ्याच कामात. ते गिटारवाल्यांसाठी पेडल बनवायचे. वाजवताना दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून पायानं दाबायची पेटी. गिटारची वायर तिच्यातून जाते. दाबली, की सूर फाटून गुरगुरतो, नाहीतर विहिरीत हाक मारल्यासारखा घुमत राहतो.

पेटी म्हणून मामू भंगारातले चपटे डबे घेत. झाकणाला भोकं पाडून बटणं बसवत. आत सर्किट आणि चौकोनी बॅटरी. रंगवायचं काम मात्र भाचीचं.

सुहानाचं.

ती सातवीत गेली होती. ट्रकवर नक्षी काढणाऱ्या पेंटरकडून उरलेला ऑइलपेंट मागून आणायची आणि डब्यांवर मोर, रेल्वे, आगीचे लोळ असं काय काय काढायची. हात फार चांगला होता पोरीचा.

मामूंचा एकच नियम होता.

“नाव असलेला डबा घ्यायचा न्हाई. ज्याच्यावर कुणाचं नाव हाय, त्याला पाय लावायचा न्हाई. घरचं माणूस कवातरी शोधत येतंच.”

त्या महिन्यात दौंडहून सत्यजीत आला. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याला घुमणारं पेडल हवं होतं, लग्नाच्या कार्यक्रमासाठी.

“सुहाना, असं रंगव, की लोकांनी गाणं सोडून माझ्या पायाकडं बघितलं पायजे.”

“तुमचं वाजवणं ऐकून लोक तसंबी खालीच बघत्यात, दादा.”

मामू खो खो हसले. सत्यजीतही हसला.

“बघ हं. चांगलं झालं, तर माईकवरनं तुझं नाव घेतो. समद्या दौंडला ऐकू जाईल.”

बस. सुहानाच्या डोक्यात तेवढंच राहिलं.

मामू सामान आणायला पुण्याला गेले. सुहानानं भंगारातून आलेले डबे उपसले. एक चेपलेला, एक गंजका. एकच सरळ, गुळगुळीत. आणि त्याच्याच झाकणावर ठिपक्याठिपक्यांचं नाव.

अपेक्षा.

तिनं कानस घेतली. मग पॉलिश पेपर. ‘अ’ गेला. ‘पे’ गेला. ‘क्षा’ला वेळ लागला. शेवटी झाकण कोरं झालं.

मामू परतल्यावर ती म्हणाली, “हा कोराच होता, मामू.”

मामूंनी विश्वास ठेवला. भोकं पाडली. सुहानानं वर निळं पाणी रंगवलं. मध्ये खडा पडल्यावर उठतात, तशी एकातून एक फुटणारी वर्तुळं. तसं देखणं पेडल त्या दुकानात कधी झालं नव्हतं.

रंग ओला होता. मामू नमाजाला गेले होते. लाइट गेलेली. गल्ली सुनसान.

आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली.

“पोरी, मी मुक्ताबाई. वडगाव रासाईची. आमच्या दिरानं माळा साफ केला आन् समदं भंगारात घातलं. त्यात माझ्या लेकीचा डबा गेला. शाळंचा. भंगारवाला म्हनला, चपटं डबं हितं येत्यात.”

सुहानानं हातातला ब्रश खाली ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलून गेली,

“मंग तिला नवा घ्या की, मावशी.”

“ती न्हाई आता. तापात गेली.” बाईनं पदरानं तोंड पुसलं. “समद्या वह्या जाळल्या तिच्या बापानं. बघवंना त्याला. त्या डब्यावरच तेवढं नाव उरलंय तिचं.”

डबा फळीवर होता. बाईच्या अगदी डोळ्यांसमोर.

“असा डबा आला न्हाई, मावशी.”

मुक्ताबाईनं मान हलवली. पाणी मागितलं, प्यायली. जाताना तिची नजर फळीकडं गेली.

“किती झ्याक रंगवलंयस गं! माझ्या पोरीला लई आवडलं असतं.”

आणि ती गेली.

सुहाना तिथंच बसून राहिली. पंखा बंद. रेडिओ बंद. आणि त्या शांततेत...

टक्.

तिनं वर पाहिलं. पाल असेल.

टक्... टक्...

भांडीवाला हातोडीनं नाव टोचतो ना, तसा आवाज. फळीवरून येत होता.

तिनं पेडल उचललं. कुठलीच वायर जोडलेली नव्हती. खटके उघडून तिनं बॅटरी काढली. झाकण लावलं. ओला रंग टाळून तळाला कान टेकवला.

टक्.

आतून.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या रंगाखाली एक पुळी दिसली. बाजरीच्या दाण्याएवढी. रंगात खडा राहिला असेल... तिनं वरून दुसरा हात मारला.

तिसऱ्या दिवशी दाणे वाढले होते.

तिनं तिसरा हात मारला.

मामूंनी बॅटरी बसवून गिटार जोडून पाहिली. तार छेडली. सूर घुमला, विरत विरत गेला. “वा!” म्हणाले, आणि गिटार सुहानाकडं दिली.

तिनं तार छेडली.

सूर एकदाच वाजला. मागून... काहीच नाही.

“नीट दाब की गं.”

तिनं पेडल नीट दाबलं होतं. परत छेडली. काहीच नाही. जणू तिला ओ द्यायचीच नव्हती कुणाला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मामू कौतुकानं निळी वर्तुळं बघत होते, आणि तिला त्यांच्याकडं वर मान करून बघवेना.

कार्यक्रमाच्या दिवशी मामू तिला घेऊन दौंडला गेले. मैदानात मांडव, स्टेज, माणसाएवढे स्पीकर. ऊन कलत होतं. पाहुणे यायचे होते. सत्यजीतनं पेडल पायाशी ठेवलं, वायरी जोडल्या, बोटं तारांवर नेली.

वाजवण्याआधीच स्पीकरमधून आलं...

टक्... टक्... टक्...

खुर्च्या मांडणारी पोरंसुद्धा थांबली.

“मामू, कुठंतरी लूज हाय बघा,” सत्यजीत म्हणाला. “थांबा, दाबून बघतो.”

त्यानं बूट उचलला.

तिरपं ऊन नेमकं झाकणावर पडलं होतं. दाण्यादाण्याची सावली पडली होती. आणि सुहानाला दिसलं. ते नुसते दाणे नव्हते. ओळ होती. अक्षरं होती. पण उलटी, आरशात दिसतात तशी...

कुणीतरी आत बसून लिहीत असावं, तशी.

सुहाना धावली. तिनं झाकणावर तळहात ठेवला. सत्यजीतचा बूट त्या हातावर पडला.

“अगं ए! येडी का काय?”

तिनं हात काढला नाही.

“मामू, नाव होतं याच्यावर. मी घासलं. ती बाई शोधत आलती... मी न्हाई म्हनले.”

स्पीकर गप्प झाला होता.

मामू रागावले नाहीत. त्यांनी वायरी काढल्या, पेडल रुमालात गुंडाळलं आणि तिच्या हाती दिलं. तेच तिला जास्त लागलं. सत्यजीतनं त्या दिवशी साधीच गिटार वाजवली. माईकवरून कुणी कुणाचं नाव घेतलं नाही.

सकाळी ते वडगाव रासाईला उतरले. मामूंनी आतलं सर्किट काढून ठेवलं होतं. मुक्ताबाईच्या अंगणाशी ते थांबले.

“फुडं तू जा.”

सुहाना गेली. खाली मान घालून तिनं सगळं सांगितलं. कानस, पॉलिश पेपर, खोटं बोललेलं. मुक्ताबाईनं डबा घेतला. भोकं चाचपली. मग झाकण उघडून उलटं केलं.

आतल्या बाजूनं अक्षरं सुलटी होती. वाकडीतिकडी. अपेक्षा.

बाईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“हे कुणी घातलं?”

“ठावं न्हाई, मावशी.”

“भांडीवाल्याचं अक्षर छापल्यावानी होतं. हे तसलं न्हाई.” तिचं बोट ‘क्ष’वर थांबलं. “हितं बघ. ‘क्ष’ला अशी गाठ मारायची माझी लेक. गुरुजी रागवायचं. तरी तशीच मारायची.”

मामू ही गोष्ट सांगतात, तेव्हा इथं हमखास अडखळतात. सर्किट त्यांनीच बसवलेलं. झाकणाखाली बोट घालायला जागा नव्हती. अपेक्षाचं अक्षर तर शिरूरात कुणी पाहिलेलंही नव्हतं. मग ते... नको. त्यांना अजूनही ठाऊक नाही, आणि मलाही नाही. कुणाच्या डब्यावरून बोट फिरलं, की अजून अंगावर काटा येतो.

पण सुहानानं पुढं काय केलं, ते मात्र ठाऊक आहे.

तिनं डबा मागून घेतला. अंगणातच मांडी घालून बसली. नखानं वरची निळी वर्तुळं खरवडून काढली, सगळी. मग झाकण किलकिलं करून त्या फटीशी तोंड नेलं, आणि ज्या नावाचा तिनं इतके दिवस उच्चारही केला नव्हता, त्या नावानं हाक मारली.

“अपेक्षा...”

आणि आतून ओ येते का, म्हणून डब्याला कान लावून बसली.