शेजारची जागा

दफनभूमीच्या कचेरीत माणसं काय काय घेऊन येतात, हे तिला सहा वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. पण दुपारच्या पावसात मेकअपची बाटली घेऊन आलेला माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला.

"मोठा भाऊ सकाळी गेला," तो म्हणाला. "दफनाआधी... पाच मिनिटं त्याच्याजवळ एकट्याला सोडाल?"

"बाटली कशाला?"

तो घुटमळला. "त्याच्या दंडावर जहाज गोंदलंय. मीच काढलेलं... गोंदायला शिकत होतो तेव्हा. आई म्हणायची, गोंदलेल्या ज्यूला आपल्या दफनभूमीत घेत नाहीत. तेवढं झाकलं, तर आईशेजारी..."

डोळे सुजलेले, बोटांना शाई, आणि अक्कल बेताची — तिनं मनाशी नोंद केली.

"दफनाआधी मृताला स्नान घालतात हो. तुमचं जहाज पहिल्याच पाण्यात वर येईल."

त्याचा चेहरा असा पडला, की तिला स्वतःच्याच जिभेचा राग आला.

"आपल्या धर्मग्रंथात, तोरामध्ये, गोंदायला मनाई आहे, ती खरी. पण गोंदलेल्याला पुरू नका, असं कुठंही नाही. हे आयांनी पोरांना घातलेलं भय. आपल्या धर्मगुरूंना, रब्बींना विचारा हवं तर."

त्यानं बाटली टेबलावर ठेवली. "अठरा वर्षं दादा घरी आला नाही. म्हणायचा, मेल्यावर जी जवळ घेणार नाही, तिच्याकडे जिवंतपणी कशाला जाऊ?"

तिनं नोंदवही उघडली. आईशेजारची जागा आईनंच राखून ठेवली होती... धाकट्यासाठी.

त्यानं ते वाचलं आणि हळूच बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदणच गोंदण.

"दादानं आईला दाखवलं. मी लपवलं," तो म्हणाला. "ही जागा त्याला द्या."

"आणि तुम्ही?"

"माझं बघू."

अंधार पडायच्या आत भाऊ आईशेजारी गेला.

मग तो दर रविवारी येऊ लागला. सुरुवातीला भावाजवळ अर्धा तास आणि कचेरीत पाच मिनिटं. पुढे पुढे हे प्रमाण उलटं होत गेलं.

"तुमच्या कानांना तीन-तीन भोकं. ती बरी चालतात?"

"दागिन्यासाठी टोचायला कोण अडवतंय? शाईनं कातडी कोरणं वेगळं."

"म्हणजे माझा धंदाच पाप?"

"आपल्या माणसांपुरता... हो." खोटं बोलून गोड व्हायचं तिला जमायचं नाही.

त्यानं बाही खाली ओढली. मग म्हणाला, "दादाला गोंदल्यानंतर आपल्यातल्या कुणाला सुई लावली नाही मी."

एका रविवारी त्यानं भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. "आई आणि दादा शेजारी झाले. मीच राहिलो बेवारशी. कुठं एखादी जागा?"

"बाबांच्या शेजारची ही माझी," तिनं बोट ठेवलं. "तिच्यापलीकडची... रिकामी आहे."

"मग द्या की!"

"अशी कुणालाही मिळत नाही. आमचा नियम आहे. बाईच्या शेजारी घरचाच माणूस लागतो."

त्याचे कान लाल झाले. "अर्ज... कुणाकडे करायचा?"

"माझ्याकडेच. पण मेल्यानंतरचं नंतर बघू," तिनं नोंदवही मिटली. "आधी मधल्या वर्षांचं बोला."