मुसळावरची पट्टी

पैज लागली ती फुफूसाठी उकडलेले कंद कांडताना. कुमासी शहरातल्या त्या सामाईक अंगणात अफ्रिये दंड वर करून सगळ्यांना पट्टी दाखवत होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं चाचणीसाठी दिलेली, नखाएवढी. तिच्यात सोन्याचे कण, डोळ्याला न दिसणारे. घामात गरोदरपणाचं हार्मोन उतरलं की निळी पट्टी लाल व्हायची. आज सकाळी झाली होती.

"अगं, इतक्या लवकर बोलायचं नसतं," म्हातारी डुफी पुटपुटली.

पण न बोलून कसं चालेल? रविवारी सासू येणार होती, नवऱ्यासाठी दुसरी मुलगी ठरवून. अफ्रियेनं राहायचं की बोचकं उचलायचं, सगळं त्या लाल ठिपक्यावर होतं.

शेजारचा ओबिरी, गॅरेजवाला, कांडता कांडता थांबला. "वहिनी, चुना लावतात हे शिकलेले लोक. या मुसळाला चिकटवा, तेही पोटुशी निघेल!"

"आणि निघालं तर?"

"तर तुम्ही मुसळ पोरासारखं पाठीला बांधून रस्त्यानं चक्कर मारायची. नाही निघालं तर मी मारतो, वर तुमचा झगा घालून!"

अंगणात हशा पिकला. मूल होत नसलेल्या बायका पूर्वी, मूल व्हावं म्हणून, लाकडी बाहुली पाठीला बांधून हिंडायच्या. टोमणा सगळ्यांना कळला. अफ्रियेलाही. ती तरातरा आत गेली, दुसरी पट्टी आणून तिनं मुसळाला चिकटवली.

"झगा इस्त्री करून ठेवते हं, दादा."

दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना तिचं दंडाकडे लक्ष गेलं. पट्टी निळी होती. तिनं पुसली, फुंकर मारली, उन्हात धरली. निळीच.

मुसळ भिंतीला टेकलेलं होतं. त्याची पट्टी लालभडक.

"आईशप्पथ, मी रंग नाही लावला!" ओबिरी पहिल्यांदाच हसत नव्हता.

प्रयोगशाळेतली सेरवा मॅडम यंत्र घेऊन आली. अफ्रियेला नवी पट्टी लावली. काहीच नाही. मुसळाला नवी लावली. यंत्रावर आकडा चढत गेला.

"लाकडाला घाम येत नाही," सेरवा स्वतःशीच म्हणाली.

अफ्रियेनं मुसळाला हात लावला. सावलीत असूनही ते कोमट होतं.

"मॅडम, ते माझं आहे. परत कसं घ्यायचं, तेवढं सांगा ना!"

सेरवानं आकडा वहीत उतरवून घेतला.

शनिवारी सेरवा पुन्हा आली, तेव्हा मुसळाचा आकडा उतरला होता.

"म्हणजे गेलं?" अफ्रियेनं विचारलं.

"नाही..." सेरवा यंत्र पिशवीत कोंबत होती. "बाळंतपणानंतर उतरतो, तसा उतरलाय."

रविवारी सासू येऊन अंगणात बसली. अफ्रिये मुसळ घेऊन बाहेर आली.

"वहिनी, राहू द्या. पैज गेली चुलीत," ओबिरी म्हणाला.

"हरले ना मी? मग."

ती वाकली. मुसळ पाठीवर घेतलं, त्यावरून कापड ओढलं, छातीशी गाठ मारली. हळूच. मान सांभाळावी तसं.

कुणी हसलं नाही.

ती रस्त्याला लागली. मागं वळून पाहिलं नाही.

कोपऱ्यावर परगावची एक बाई लापशी विकत होती. तिला पैजेचं काही ठाऊक नव्हतं. तिनं डोळे वर केले, अफ्रियेच्या पाठीकडे पाहिलं, आणि पुन्हा पातेलं ढवळायला लागली.

"पाय झाक गं त्याचे," ती म्हणाली. "वारं बोचतंय."