टॉवरच्या तोंडाशी शौकीकाका

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे खरंच घडलंय.

ज्याच्या बाबतीत घडलं तो हैसम माझा सख्खा मावसभाऊ. सुएझजवळच्या एका रिफायनरीत इंजिनियर आहे. खोटं बोलणं त्याला लहानपणापासून जमत नाही. आयुष्यात एकदाच बोलला, आणि ते त्याच संध्याकाळी.

रमजानचा शेवटचा आठवडा होता. रिफायनरी शटडाऊनवर. सगळं थंड करून तेल शुद्ध करायचे उंच लोखंडी टॉवर उघडायचे, माणसं आत उतरवायची आणि साफसफाई, वेल्डिंग उरकून पुन्हा चालू करायचं. अशा दिवसांत वरचे साहेब मानगुटीवर बसलेले असतात.

पूर्वी प्रत्येक टॉवरच्या मॅनहोलपाशी, म्हणजे आत उतरायच्या तोंडापाशी, एक पहारेकरी असायचा. आत कोण गेलं, कोण आलं, आतला माणूस शुद्धीवर आहे की नाही, हे बघायला. मोठ्या टॉवरवर शौकीकाका बसायचे. पान्याने लोखंडावर दोनदा ठोकायचे... ठक ठक. म्हणजे, ठीक आहेस ना?

आतून एकदाच उत्तर यायचं. ठक. म्हणजे, ठीक आहे.

हैसमने ते बंद केलं. त्याने कॅमेरे आणले, माइक आणले, मनगटावर बांधायचे पट्टे आणले. आता एका खोलीत बसून पडद्यावर सगळं दिसायचं, कुठल्या टॉवरमध्ये किती माणसं आहेत ते पट्ट्यांवरून आकड्यासकट.

पहारेकरी घरी गेले. शौकीकाका जाताना खोलीत डोकावले होते.

"काय रे हैसम, तुझा हा टीव्ही आतल्या माणसाशी बोलतो का?"

"बोलायची गरज काय, काका? तो दिसतोच की."

"बायकोलाही असंच सांगतोस वाटतं!" म्हणाले आणि खोकत खोकत हसले.

रमजानच्या आधीच काका वारले. हैसम त्यांच्या घरी जाऊनही आला होता.

यंत्र मात्र झकास चाललं. एकच कटकट होती. पट्ट्यांची बॅटरी दिवसभर पुरत नसे. हैसमने त्यावर तोड काढली. रोजा सुटायच्या वेळी टॉवरमध्ये कोण असणार? सगळे पंक्तीला. मग त्याच वेळात सगळ्यांनी पट्टे काढून जेवणाच्या तंबूत चार्जिंगला लावायचे. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी अजान झाली.

हैसम खोलीत एकटाच होता. दोन खजूर तोंडात टाकले, पाणी प्यायला. जेवणं उरकताच आतली हवा घालवायला मोठ्या टॉवरमध्ये खालून नायट्रोजन सोडायचा होता. त्या वायूला ना वास, ना रंग. दोन श्वास घेतले की माणूस उभ्याचा आडवा होतो. म्हणून टॉवर रिकामा आहे असं हैसमने सांगायचं आणि मगच व्हॉल्व्ह उघडायचा.

पडद्यावर मोठ्या टॉवरपुढे शून्य होतं.

आणि तेवढ्यात माइकमधून आवाज आला...

ठक ठक.

हैसमने मान वर केली. लोखंड थंड होताना वाजतं, हे त्याला ठाऊक होतं.

मग... खोल कुठून तरी...

ठक.



त्याने कॅमेरा मॅनहोलवर आणला. आतलं त्यात दिसत नसे, फक्त बाहेरचं. जाळीचा ओटा रिकामा. कोणी नाही.

ठक ठक.

ठक.

त्याने वॉकीटॉकी उचलली. मुकादम बहगत त्या वर्षीच नव्याने आला होता.

"बहगत, मोठ्या टॉवरमध्ये तुझं कोणी आहे का?"

"साहेब, सगळे पंक्तीला बसलेत. घास तरी गिळू द्या! पडदा काय म्हणतो?"

"शून्य."

"मग झालं तर. माणसाचं नाही, पडद्याचं ऐका, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

तंबूतले लोक हसल्याचं वॉकीटॉकीवर ऐकू आलं. हैसमने वॉकीटॉकी खाली ठेवली.

पण ठकठक थांबेना.

शेवटी तो उठला. मोठ्या टॉवरकडे निघाला. एरवी तिथे घासण्याचे आवाज, हातोडे, शिव्या, गाणी यांनी कान किटतात. त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. तंबूकडून फक्त भांड्यांचा आवाज येत होता.

तो जिना चढत गेला. वरच्या ओट्यावर पोचला तेव्हा आभाळ तांबूस होतं. सगळं नीट दिसत होतं.

कोणी नव्हतं.

मॅनहोल समोर, चार पावलांवर. नुसतं वाकून आत बघायचं होतं. बस, एवढंच.

आणि त्याच्या उजव्या कानापाशी, अगदी हाताच्या अंतरावर...

ठक ठक.

मॅनहोलची लोखंडी कड थरथरताना त्याने पाहिली. ठोकणारा दिसत नव्हता.

पुढेही त्याने काहीतरी ऐकलं. काय, ते त्याने तेव्हा कोणालाच सांगितलं नाही.

 तो मागे फिरला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावला. खाली बहगत तोंड पुसत उभा होता.

"काय साहेब, भूत बघितल्यासारखं तोंड झालंय! बघितलंत आत?"

हैसमला लाज वाटली. इतका शिकलेला माणूस, स्वतः आणलेलं यंत्र, आणि सांगायचं काय? मेलेले काका लोखंड ठोकतायत म्हणून?

"बघितलं," तो म्हणाला. "रिकामं आहे."

बहगतने व्हॉल्व्ह उघडला.

हैसम खोलीत येऊन बसला. माइक चालूच होता.

ठक ठक.

ठक.

ठक ठक...

उत्तर आलं नाही.

ठक ठक... ठक ठक... ठक ठक...

आता ते जोरात होतं. घाईत होतं. कोणीतरी जीव खाऊन लोखंडावर हाणत होतं आणि आतून काहीच येत नव्हतं. हैसमने दोन्ही कान हातांनी दाबून धरले. मग माइक बंद केला.

तंबूत लोक आपापले पट्टे उचलत होते. एक पट्टा उरला.

"हा कुणाचा रे?"

"लबीबचा."

"तो कुठाय?"

सगळ्यांच्या नजरा मोठ्या टॉवरकडे वळल्या.

लबीब वेल्डर होता. मनगटावर क्रॉस गोंदलेला, कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधला ख्रिस्ती. त्याला रोजा नव्हता. दर रमजानात अजान झाली की तो मित्रांना म्हणायचा, "जा, निवांत जेवा, तोवर तुमचे वेल्डिंगचे जोड मी घासून ठेवतो." आणि एकटाच आत उतरायचा. शौकीकाका म्हणूनच रोजा तिथेच, मॅनहोलपाशी सोडायचे. हैसमला वाटायचं, म्हाताऱ्याला जिना उतरायचा कंटाळा आहे.

त्या दिवशीही लबीबने नियमाप्रमाणे पट्टा चार्जिंगला लावला आणि तो टॉवरमध्ये गेला. त्याच्या मित्रांना ते माहीत होतं. पण ते बहगतपासून लांब बसले होते, 'शून्य' हे त्यांनी ऐकलंच नाही; त्यांना वाटलं, पडद्यावर दिसत असेलच.

सगळे धावले. नायट्रोजन बंद करून, तोंडाला हवेच्या नळ्या लावलेली माणसं आत उतरली. लबीब तळाशी पडला होता. हातात पाना घट्ट धरलेला. बोटं सोडवावी लागली.

चौकशी झाली. लबीबनेच पट्टा काढून आत जायला नको होतं, असं ठरलं. हैसमसाहेबांनी स्वतः आत बघितलं होतं, ही बहगतची साक्ष कोणी खोडली नाही. हैसमनेही नाही. पुढच्या शटडाऊनलाही सगळ्या टॉवरवर तेच यंत्र होतं. पहारेकरी परत आले नाहीत.

लबीबच्या अंत्यविधीला हैसम चर्चच्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

त्या संध्याकाळचं हे सगळं त्याने मला ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्या गच्चीवर बसून सांगितलं. मी म्हटलं, "तू घाबरलास. कोणीही घाबरलं असतं. आत माणूस आहे हे तुला काय माहीत?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "वर मी अजून एक गोष्ट ऐकली होती."

"काय?"

"आतून लबीबने विचारलं... 'वर कोण आहे रे?'"

"तू बोलला नाहीस?"

"माझी वाचाच बसली. पण माझ्या शेजारून उत्तर गेलं. काकांचा आवाज होता. तसाच खोकत म्हणाले... 'साहेब आलाय रे पोरा. आता काळजी नाही.'"

"मग?"

"मग मी पळालो. दोन्ही आवाज भुताचेच, असं मनाला सांगत पळालो."

मी पुढे विचारायला नको होतं. पण विचारलं.

"आणि लबीब? तो काय म्हणाला?"

हैसमने माझ्याकडे बघितलंच नाही.

"म्हणाला, 'साहेब आलेत? मग ठीक आहे.' आणि पुन्हा जोड घासायला लागला."